कामगारांचे कैवारी : नारायण मेघाजी लोखंडे

मुलांनो, आठवड्यातल्या कोणत्या दिवसाची तुम्ही सर्वांत जास्त वाट पाहता? बहुतेक जण म्हणतील, सुट्टीच्या दिवसाची. तुमच्यापैकी जे मालेगावला राहतात त्यांना शुक्रवारची शांतता चांगली ठाऊक आहे. आठवडाभर खडखड करणारे यंत्रमाग त्या दिवशी थांबतात. अब्बा आणि मोठे भाऊ घरी असतात. निवांत अंघोळ होते, धुतलेले कपडे घालून सारे नमाजाला जातात, दुपारी सगळे एका दस्तरखानावर जेवतात. मुंबई, ठाणे, पुणे या शहरांत हाच आनंद रविवारी असतो.

ही सुट्टी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की ती पूर्वीपासून होतीच असे आपल्याला वाटते. पण तसे नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत एके काळी हजारो माणसे सकाळपासून संध्याकाळपर्यंत काम करीत होती आणि आठवड्याचा एकही दिवस त्यांच्या हक्काचा नव्हता. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघटनेने कामगारांना दर रविवारी सुट्टी देण्याचे मान्य केले. हा दिवस उगवावा म्हणून ज्यांनी अनेक वर्षे लेखणी झिजवली, सभा घेतल्या, अर्ज लिहिले, त्यांचे नाव नारायण मेघाजी लोखंडे. आज आपण त्यांच्या जीवनाची ओळख करून घेऊ या.

नारायणरावांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. त्यांचे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर या गावचे. घरची परिस्थिती साधारण होती, तरी नारायणरावांनी मॅट्रिकपर्यंत शिक्षण घेतले. त्या काळी एवढे शिक्षणही फार थोड्यांना मिळत असे. शिक्षण संपताच त्यांना नोकरी धरावी लागली. प्रथम ते रेल्वे खात्यात लागले. नंतर काही काळ त्यांनी टपाल खात्यात काम केले. पुढे मुंबईच्या मांडवी भागातील एका कापड गिरणीत त्यांना स्टोअरकीपरची नोकरी मिळाली. गिरणीला लागणारे सामान सांभाळणे, ते खात्याखात्यांत देणे आणि त्याचा हिशेब ठेवणे हे स्टोअरकीपरचे काम. गिरणीच्या आत काय चालते हे त्यांना तेथे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला मिळाले.

त्याच सुमारास महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. जोतीरावांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली होती. जन्मावरून कोणी उच्च किंवा नीच नाही, कष्ट करणाऱ्यांना शिक्षण आणि न्याय मिळाला पाहिजे, ही या समाजाची शिकवण होती. नारायणराव सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते झाले. जोतीरावांनी शेतकऱ्यांचे दुःख जगापुढे मांडले होते. नारायणरावांनी शहरात आलेल्या त्याच शेतकऱ्याचे, म्हणजे गिरणी कामगाराचे दुःख मांडायचे ठरवले.

आता त्या काळची मुंबई डोळ्यांसमोर आणा. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर या पारशी व्यापाऱ्याने मुंबईत कापड गिरणीची कंपनी काढली. तिची गिरणी ताडदेवला उभी राहिली. मग एकामागून एक गिरण्या उभ्या राहत गेल्या. १८९० च्या सुमारास मुंबईत सुमारे ७० गिरण्या झाल्या आणि त्यांत ६० हजारांच्या आसपास माणसे काम करू लागली. ही माणसे आली कुठून? कोणी रत्नागिरीहून आले, कोणी साताऱ्याहून आले. दुष्काळाने आणि कर्जाने गांजलेले शेतकरी पोटासाठी मुंबईला आले. उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन विणकर मदनपुरा भागात राहू लागले. विलायती कापडामुळे त्यांच्या हातमागाचा धंदा बुडाला होता. पिढ्यान्‌पिढ्या घरच्या मागावर कापड विणणारे हात आता दुसऱ्याच्या यंत्रावर चालू लागले.

शेतात किंवा हातमागावर काम करणाऱ्यालाही कष्ट होतेच. पण त्या कामाची गती त्याच्या स्वतःच्या हातात होती. ऊन वाढले की शेतकरी झाडाखाली बसत असे. पाठ भरून आली की विणकर धोटा खाली ठेवून घोटभर पाणी पीत असे. गिरणीत तसे नव्हते. तेथे वाफेचे इंजिन पट्टे फिरवी, पट्टे यंत्रे फिरवीत आणि यंत्रांच्या गतीने माणसाला फिरावे लागे. यंत्र दमत नाही, माणूस दमतो. पण हा फरक लक्षात घेऊन कामाचे नियम कोणी केलेच नव्हते.

तेव्हा बहुतेक गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. म्हणून सूर्य उगवला की काम सुरू होई आणि सूर्य मावळला की थांबे. उन्हाळ्यात दिवस मोठा असतो. त्या दिवसांत १३ तासांहूनही जास्त वेळ काम चाले. कापूस पिंजताना बारीक तंतू आणि धूळ हवेत उडे. ती श्वासाबरोबर छातीत जाई. अशी धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली, की खोकला जडतो, छाती आवळल्यासारखी वाटते आणि चार पायऱ्या चढल्या तरी दम लागतो. डॉक्टर या विकाराला बिसिनोसिस म्हणतात. विणकाम खात्यात सूत कोरडे होऊन तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवीत. त्या कोंदट, गरम हवेत माणसे घामाने भिजून जात. यंत्रांच्या आवाजाने कान बधिर होत. फिरणाऱ्या पट्ट्यांत आणि दातेरी चाकांत कोणाचे बोट सापडे, कोणाचा हात सापडे. दिवसाच्या शेवटी थकलेल्या माणसाचा हात चुकतो, हे तुम्हीही अनुभवाने जाणता. ज्याचा हात जाई त्याची नोकरीही जाई.

या गिरण्यांत मोठ्या माणसांबरोबर लहान मुलेही काम करीत. त्यांचे हाल पाहून मुंबईतील सोराबजी शापुरजी बंगाली या दयाळू पारशी गृहस्थांनी १८७८ साली एका कायद्याचा मसुदा तयार केला आणि सरकारने कारखान्यांसाठी कायदा करावा असा आग्रह धरला. अखेर १८८१ साली हिंदुस्थानातला पहिला कारखाने कायदा झाला. त्या कायद्याने काय दिले ते पाहा. ७ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवू नये. ७ ते १२ वर्षांच्या मुलांकडून दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये. त्यांना रोज एक तास विश्रांती आणि महिन्याला चार सुट्ट्या द्याव्यात. धोक्याच्या यंत्रांभोवती कुंपण घालावे.

मुलांनो, आता तुमच्या स्वतःच्या वयाचा विचार करा. तुमचे वय १३ वर्षांचे असेल, तर या कायद्याच्या दृष्टीने तुम्ही मूल नव्हे, मोठा माणूस ठरला असता. आणि मोठ्या माणसांसाठी त्या कायद्यात कामाच्या तासांची काहीही मर्यादा नव्हती. स्त्रियांसाठीही नव्हती. साप्ताहिक सुट्टी तर कोणाही मोठ्या माणसाला नव्हती.

नारायणरावांना ही गोष्ट सलत होती. पण नुसते वाईट वाटून उपयोग नसतो. आपले म्हणणे लोकांपर्यंत आणि सरकारपर्यंत पोचवायला साधन लागते. ते साधन त्यांना 'दीनबंधु' या वृत्तपत्राच्या रूपाने मिळाले. 'दीनबंधु' म्हणजे गरिबांचा भाऊ. कृष्णराव भालेकर यांनी हे पत्र १८७७ साली पुण्यात सुरू केले होते. पैशाअभावी ते चालवणे कठीण झाले. तेव्हा १८८० साली नारायणरावांनी ते मुंबईस आणले आणि संपादनाची जबाबदारी घेतली. मोठमोठ्या वृत्तपत्रांत ज्यांच्याविषयी एक ओळही छापून येत नसे, त्या शेतकऱ्यांच्या आणि गिरणी कामगारांच्या तक्रारी 'दीनबंधु'त येऊ लागल्या. नारायणरावांनी हे पत्र अखेरपर्यंत चालवले.

१८८४ साली मुंबई सरकारने गिरण्यांची पाहणी करण्यासाठी एक कमिशन नेमले. कमिशनपुढे मालक आपली बाजू मांडणार हे उघड होते. कामगारांची बाजू कोण मांडणार? नारायणरावांनी ही संधी ओळखली. त्यांनी कामगारांना एकत्र केले. त्या वर्षी २३ आणि २६ सप्टेंबर रोजी मुंबईत गिरणी कामगारांच्या दोन मोठ्या सभा झाल्या. याच वेळी 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' ही संस्था सुरू झाली. आजच्या कामगार संघटनांसारखी तिची वर्गणी किंवा सभासदांची नोंद नव्हती. पण कामगारांच्या वतीने बोलणारी अशी संस्था गिरण्यांमध्ये पूर्वी नव्हती. म्हणून नारायणरावांना भारतातील कामगार चळवळीचे जनक मानतात.

सभांमध्ये एक अर्ज तयार झाला. त्यावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. 'अर्ज' हा शब्द वाचून तुम्हांला आपलेपणा वाटला असेल. अर्ज, हक्क, मालक हे शब्द मराठीत आणि उर्दूत सारखेच आहेत. काही शब्दांचे अर्थ मात्र बदलले आहेत. उर्दूत 'तकरार' म्हणजे भांडण, मराठीत 'तक्रार' म्हणजे शिकायत. उर्दूत 'रजा' म्हणजे संमती किंवा मर्जी, मराठीत 'रजा' म्हणजे सुट्टी. गिरणी कामगाराची रजा तेव्हा खरोखरच मालकाच्या रजेवर, म्हणजे मर्जीवर अवलंबून होती. ती मर्जीची गोष्ट न राहता हक्काची व्हावी, हेच त्या अर्जाचे सार होते.

अर्जात पाच मागण्या होत्या. पहिली मागणी, सर्व कामगारांना दर रविवारी पूर्ण सुट्टी मिळावी. दुसरी, रोज दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी. तिसरी, काम सकाळी साडेसहा वाजता सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. चौथी, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. पाचवी, काम करताना कामगार जखमी झाला तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

या मागण्या पुन्हा एकदा वाचा. त्यांत पगारवाढीची मागणी नाही. पैशाविषयी जी चौथी मागणी आहे तीही केलेल्या कामाचा पैसा वेळेवर मिळावा एवढीच आहे. त्या काळी पगार फार उशिरा मिळत असे. तोपर्यंत कामगाराला सावकाराकडून किंवा वाण्याकडून उधारीवर जगावे लागे. हातात पैसा नसेल तर पोटभर अन्न मिळत नाही, आणि उपाशी शरीर आजाराला लवकर बळी पडते. बाकीच्या चार मागण्या तर सरळ शरीराशीच निगडित आहेत. झोप, जेवण, विश्रांती आणि दुखापतीनंतरचा आधार. कामगाराजवळ शेत नसते, दुकान नसते. त्याचे शरीर हीच त्याची सारी दौलत असते. ती दौलत सांभाळली पाहिजे, हे नारायणरावांनी ओळखले होते.

या मागण्या लगेच मान्य झाल्या नाहीत. मालकांना वाटे, गिरणी एक दिवस बंद राहिली तर माल कमी निघेल आणि नुकसान होईल. दुसरीही एक अडचण होती. हिंदुस्थानात कारखान्यांचे कायदे व्हावेत असे इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरणीमालकांनाही वाटत होते. ते काही येथल्या मजुरांवरील प्रेमामुळे नव्हे. मुंबईचे स्वस्त कापड त्यांच्या कापडाशी स्पर्धा करीत होते, म्हणून. त्यामुळे आपल्याकडचे काही पुढारी अशा कायद्यांना विरोध करीत. हा परक्यांचा डाव आहे, असे त्यांना वाटे. त्या शंकेत तथ्य नव्हते असे नाही. पण लँकेशायरचा स्वार्थ काहीही असो, परळच्या कामगाराची छाती दुखत होती हे खोटे ठरत नव्हते. नारायणरावांनी कामगाराच्या गरजेकडे पाहिले आणि आपला आग्रह सोडला नाही.

अशी सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर गिरणी कामगारांची प्रचंड सभा भरली. सुमारे १० हजार कामगार जमले होते. त्या काळी ना मोबाइल होता, ना लाउडस्पीकर. तरीही इतकी माणसे एका ठिकाणी आली. या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. गिरण्यांतील सूत गुंडाळण्याच्या खात्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने काम करीत. दिवसभर गिरणीत राबून त्यांना घरी चूल पेटवावी लागे आणि मुलांचे करावे लागे. विश्रांतीची गरज त्यांच्यापेक्षा जास्त कोणाला असणार? हजारो लोकांसमोर उभे राहून बोलणे त्या काळच्या स्त्रीसाठी किती धैर्याचे होते, याची मुलींनी विशेष कल्पना करावी.

सभेने रविवारच्या सुट्टीची मागणी पुन्हा मालकांपुढे ठेवली. या वेळी मालकांच्या संघटनेला तिचा विचार करावाच लागला. दीड महिन्यानंतर, १० जून १८९० रोजी, ती मागणी मान्य झाली. एक दगडही न फेकता, अर्ज, लेख आणि सभा यांच्या बळावर मुंबईच्या कामगारांनी आठवड्याचा एक दिवस मिळवला.

त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने कारखान्यांविषयी एक कमिशन नेमले. मुंबईच्या कामकाजासाठी नारायणरावांना त्यात सहसदस्य म्हणून घेण्यात आले. ज्यांनी बाहेरून अर्ज केले होते, तेच आता चौकशी करणाऱ्यांच्या बरोबरीने बसले. पुढे १८९१ साली कारखाने कायदा सुधारण्यात आला. सर्व कामगारांना आठवड्यातून एक सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती कायद्यानेच मिळाली. ९ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी झाली. ९ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला ७ तासांची आणि स्त्रियांसाठी ११ तासांची मर्यादा आली. १८८४ च्या अर्जातील पहिल्या दोन मागण्या अशा रीतीने कायद्यात उतरल्या.

सगळेच साध्य झाले असे मात्र नाही. पुरुषांच्या कामाच्या तासांना या कायद्यानेही मर्यादा घातली नाही. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले. विजेचा दिवा ही किती उपयोगी वस्तू! तिच्या उजेडात तुम्ही रात्री अभ्यास करता. पण गिरणीत हाच दिवा आल्यावर सूर्य मावळला तरी काम थांबेना. १९०५ च्या सुमारास काही गिरण्यांत १४-१५ तास काम चालू लागले. कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी १२ तासांची मर्यादा १९११ च्या कायद्याने आली. नवे यंत्र, नवा शोध आला की कामाची पद्धत बदलते. जुने नियम अपुरे पडतात. म्हणून कामगाराच्या आरोग्याचा विचार प्रत्येक वेळी नव्याने करावा लागतो.

नारायणरावांच्या जीवनातील आणखी एक प्रसंग तुम्ही लक्षात ठेवला पाहिजे. १८९३ च्या ऑगस्ट महिन्यात मुंबईत हिंदू आणि मुसलमान यांच्यात मोठा दंगा झाला. अनेकांचे प्राण गेले. गिरण्यांचा भागही त्यातून सुटला नाही. कालपर्यंत एका छपराखाली, एकच धूळ श्वासात घेत काम करणारी माणसे एकमेकांना भिऊ लागली. नारायणरावांना याचे फार दुःख झाले. त्यांनी राणीच्या बागेत दोन्ही समाजांच्या लोकांचा ऐक्य मेळावा भरवला. शहरात पुन्हा शांतता आणि विश्वास निर्माण व्हावा म्हणून ते झटले. यंत्राचा पट्टा हात ओढून घेताना त्या हाताचा धर्म पाहत नाही. मग त्या हातांनी एकमेकांवर का उठावे? सरकारने त्यांच्या कार्याची दखल घेऊन १८९५ साली त्यांना रावबहादूर ही पदवी दिली.

पुढच्याच वर्षी मुंबईवर भयंकर संकट आले. सप्टेंबर १८९६ मध्ये शहरात प्लेगची साथ सुरू झाली. तिचे पहिले रोगी मांडवी भागात आढळले. मूळचे गोव्याचे असलेले डॉक्टर अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी हा रोग प्रथम ओळखला. ज्या मांडवीत नारायणरावांनी गिरणीतली नोकरी केली होती, तेथूनच हा रोग शहरभर पसरत गेला. अंधाऱ्या, कोंदट चाळींत एकेका खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या गरिबांना त्याचा जास्त तडाखा बसला. लोक घाबरून गावाकडे पळू लागले. गिरण्या ओस पडू लागल्या. रुग्णांजवळ जायला कोणी धजेना.

नारायणरावही शहर सोडून जाऊ शकले असते. पण ते गेले नाहीत. त्यांनी रोग्यांसाठी मराठा हॉस्पिटल उभे करण्यात पुढाकार घेतला आणि स्वतः रोग्यांच्या सेवेत गुंतले. आयुष्यभर ज्यांच्या आरोग्यासाठी ते लढले, त्यांना आजारात सोडून जाणे त्यांच्या मनाला पटण्यासारखे नव्हते. ही सेवा करताना त्यांनाही प्लेगने गाठले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांनी वयाची पन्नाशीही गाठली नव्हती. त्यानंतर सुमारे एक महिन्याने, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच सावित्रीबाई फुले यांचाही मृत्यू झाला.

नारायणराव गेले, पण त्यांनी मागितलेल्या गोष्टी एकेक करून मिळत गेल्या. जखमी कामगाराला भरपाई देणारा कायदा १९२३ साली झाला. म्हणजे १८८४ च्या अर्जातील पाचव्या मागणीला उत्तर मिळायला ३९ वर्षे लागली. स्वतंत्र भारतात १९४८ साली नवा कारखाने कायदा झाला. त्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि १४ वर्षांखालील मुलांना कारखान्यात ठेवण्यास बंदी केली. त्याच वर्षी कामगार राज्य विमा कायदाही झाला. त्यामुळे आजारपणात कामगारांना औषधोपचार आणि पैशाची मदत मिळण्याची सोय झाली. २००५ साली भारत सरकारने नारायण मेघाजी लोखंडे यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. ज्या टपाल खात्यात त्यांनी एके काळी नोकरी केली, त्याच खात्याच्या तिकिटावर त्यांचे चित्र झळकले.

मुंबईच्या बहुतेक कापड गिरण्या आता बंद झाल्या आहेत. त्यांच्या जागी उंच इमारती आणि दुकाने उभी आहेत. पण काम संपलेले नाही, त्याचे रूप बदलले आहे. भिवंडी आणि मालेगावात यंत्रमाग चालतात. अनेक ठिकाणी अजून १२-१२ तासांच्या पाळ्या असतात. कोणी लहानशा खोलीत दिवसभर शिलाई मशीनवर वाकून बसतो. कोणी मोबाइलवर आलेल्या ऑर्डरी मोटारसायकलवरून घरोघरी पोचवतो. त्याच्यापुढे गिरणीचे फाटक नसते, भोंगा नसतो. काम कधी सुरू झाले आणि कधी संपले हेही नीट सांगता येत नाही. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांचा प्रथमच उल्लेख झाला. पण कायदा कागदावर येणे आणि कामगाराच्या घरात पोचणे यांत अंतर असते. ते अंतर कमी करायला वाचता-लिहिता येणारी, हिशेब समजणारी आणि धीराने बोलणारी माणसे लागतात. नारायणराव तसे होते. तुम्हीही तसे होऊ शकता.

येत्या सुट्टीच्या दिवशी एक गोष्ट करा. तुमच्या घरात किंवा शेजारी जे कामाला जातात, त्यांच्याजवळ थोडा वेळ बसा. ते किती तास काम करतात, जेवायला किती वेळ मिळतो, धूळ आणि आवाज यांपासून बचावासाठी ते काय करतात, हे त्यांना विचारा. नाकातोंडावर स्वच्छ कापड बांधण्याची, फिरत्या यंत्राजवळ सैल कपडे न घालण्याची आठवण त्यांना आदराने करून द्या. खोकला बरेच दिवस राहिला असेल तर डॉक्टरकडे चला, असा आग्रह धरा. मग त्यांना सांगा, की आज तुम्ही घरी बसून आमच्याशी बोलत आहात, ही सुट्टी मिळावी म्हणून फार वर्षांपूर्वी मुंबईच्या साडेपाच हजार मजुरांनी एका अर्जावर सह्या केल्या होत्या, आणि त्या सह्या गोळा करणाऱ्या माणसाचे नाव होते नारायण मेघाजी लोखंडे.